सल्लागार ‘नको’ म्हणतो, तरी ब्रिटनची पेन्शन हलवायचीय?

ब्रिटनमध्ये दहा-पंधरा वर्षे नोकरी करून पुण्या-नाशकाला परतायच्या बेतात असलेल्यांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. जुन्या कंपनीची ठरावीक रकमेची, म्हणजे ‘डिफाइन्ड बेनिफिट’ पेन्शन आहे. ती सोडून तिची एकरकमी किंमत स्वतःच्या खात्यात घ्यायची आहे. सल्लागार मात्र म्हणतो, हात लावू नका.

२०१५ पासूनचा नियम असा, की हस्तांतराची किंमत ३०,००० पौंडांपेक्षा जास्त असेल तर अधिकृत सल्लागाराचा सल्ला घ्यावाच लागतो. घ्यावा लागतो, ऐकावा लागत नाही. योजनेचे ट्रस्टी फक्त सल्ला घेतल्याचे पत्र तपासतात. अडचण कायद्याची नाही, तुमचे काम करून द्यायला कोण तयार होतो याची आहे.

आधी आपली पेन्शन हलू शकते का ते बघा. एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) किंवा शिक्षकांच्या सरकारी योजनेतून अशा खासगी निधीत जाता येत नाही. पेन्शन सुरू झाली असेल तरी विषय संपला. निवृत्तीवयाला वर्षाहून कमी उरले असेल, तर हस्तांतराचा कायदेशीर हक्क राहत नाही.

मग लगेच किंमत मागवू नका. ती वर्षातून एकदा फुकट मिळते, पण तिची हमी तीनच महिन्यांची. सल्लागार शोधण्यातच दोन महिने सहज जातात, म्हणून आधी तो गाठा. एफसीए या ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या नोंदवहीत त्याला पेन्शन हस्तांतराची परवानगी आहे ना, हे स्वतः तपासा. फी भरण्यापूर्वी त्याला ईमेलवर विचारा: तुमचे उत्तर ‘नको’ आले, तरी सल्ल्याचे पत्र द्याल का? आणि पुढचे काम कराल का? पुष्कळ जण दुसऱ्या प्रश्नाला सरळ नकार देतात, आणि तसे करण्याची त्यांना मुभा आहे. ‘अब्रिज्ड’ नावाचा स्वस्त, संक्षिप्त सल्ला मिळतो, पण त्यावर ते पत्र मिळत नाही. ऑक्टोबर २०२० पासून, गंभीर आजार किंवा मोठी आर्थिक अडचण सोडली, तर उत्तर काहीही आले तरी पूर्ण सल्ल्याची फी तेवढीच द्यावी लागते.

हाच प्रश्न पैसे जिथे न्यायचेत त्या कंपनीलाही विचारा. सल्ल्याविरुद्ध आलेले पैसे कित्येक कंपन्या घेतच नाहीत. हे शेवटी कळले तर सगळी फी पाण्यात.

आता नकाराचा अहवाल. तो शांतपणे, पेन्सिल घेऊन वाचा. परतणाऱ्यांची एक भीती निव्वळ गैरसमजातून आलेली असते: भारतात गेलो की पेन्शन गोठते, म्हणजे दरवर्षी वाढायची थांबते. गोठते ती ब्रिटिश सरकारची स्टेट पेन्शन. कंपनीची पेन्शन योजनेच्या नियमांप्रमाणे वाढते, मग तुम्ही लंडनला राहा नाहीतर सांगलीला. कंपनी बुडाली तर पेन्शन प्रोटेक्शन फंड आहे. निवृत्तीवय न गाठलेल्यांना तिथे साधारण ९० टक्क्यांच्या हिशेबाने भरपाई मिळते. मुलांसाठी निधी मागे ठेवायचा म्हणून हलवत असाल, तर एप्रिल २०२७ पासून उरलेला पेन्शन निधी वारसा कराच्या हिशेबात धरायचे ठरले आहे. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत सल्लागाराचेच बरोबर असते. पण आयुर्मान कमी करणारा आजार असेल, मागे जोडीदार नसेल, तर गणित खरेच वेगळे होऊ शकते.

तरीही ठाम असाल तर सल्लागार तुमची नोंद ‘इन्सिस्टंट क्लायंट’, म्हणजे सल्ल्याविरुद्ध आग्रह धरणारा ग्राहक, अशी करेल आणि तुमच्याच शब्दांत लेखी मागेल: सल्ला विरुद्ध होता, धोके समजले, तरी मी हे या कारणासाठी करतो आहे. त्याने पुढे केलेला तयार मसुदा नुसता सही करून देऊ नका. पुढे फायनान्शियल ओम्बड्समन या तक्रार निवारण संस्थेकडे तक्रार नेलीत, तर हेच पत्र बहुधा तुमच्या विरोधात वाचले जाईल.

तीन महिन्यांच्या आत अर्ज आणि सल्ल्याचे पत्र योजनेकडे पोचले पाहिजे. हस्तांतर पूर्ण करायला योजनेला हमीची मुदत सुरू झाल्यापासून सहा महिने मिळतात. त्यात फसवणुकीची तपासणी होते. शंका आली तर मनीहेल्पर या सरकारी सेवेशी आधी बोलून या, असे सांगतात. परदेशी योजनेत न्यायचे असेल तर जास्तच जपून: काही हस्तांतरांवर २५ टक्के आकार लागतो, आणि ब्रिटिश करखात्याच्या निकषांत न बसणाऱ्या योजनेत पैसे गेले तर कर ५५ टक्क्यांपर्यंत जातो. वयाच्या पंचावन्नच्या आधी पैसे काढून देतो म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या.