शाळेची साप्ताहिक उपासना: मुलांच्या हाती कशी सोपवावी

ख्रिस्ती शाळेत भिंतीवर वचनं असतात, रोज सकाळी प्रार्थना होते, तरीही तिसरीतल्या मुलाला दहावीतलं एकही मूल नावानं माहीत नसतं. याचं कारण बहुतेकदा एकच असतं. उपासना चार-पाच मोठी माणसं चालवतात आणि बाकी सगळी शाळा ती बघत बसते. कामं मुलांमध्ये वाटली आणि उपासनेत केलेल्या प्रार्थनेचा आठवडाभर पाठपुरावा झाला, तर हे बदलतं. पुढची सगळी मांडणी या दोन गोष्टींसाठी आहे.

वेळ ३० मिनिटं आणि वार कायमचा ठरलेला. पहिला तास नको, कारण उशिरा येणाऱ्यांची ये-जा सुरू राहते. शेवटचाही नको, मुलांचे कान घंटेकडे असतात. दुसरा तास चांगला. क्रम असा ठेवा: शांतपणे येऊन बसणं ३ मिनिटं, स्तोत्रातल्या ओळींनी आवाहन १, गीत ४, शास्त्रपाठ ३, संदेश ७, निःशब्द शांतता १, मध्यस्थीची (म्हणजे इतरांसाठी केलेली) प्रार्थना ४, प्रभूची प्रार्थना १, दुसरं गीत ३, या आठवड्याचं सेवेचं काम २, आशीर्वाद १. संदेश सातावरून पंधरा मिनिटांवर गेला की आधी शांतता कापली जाते आणि मग मध्यस्थीची प्रार्थना उरकली जाते. म्हणजे मुलांचा वाटाच जातो. बोलणाऱ्यांना हे आधीच सांगा, आणि समोर घड्याळ ठेवा.

दर आठवड्याला एक वर्ग जबाबदार. दोन आठवडे आधी उतारा ठरवा आणि वर्गातली ८ ते १० मुलं निवडा: वाचक, प्रार्थना करणारे, गाणाऱ्यांचा गट, दारात स्वागत करणारे दोघे, माइक सांभाळणारा एक. वर्षाअखेर वर्गातलं एकही मूल कामाविना राहू नये, म्हणून नावांची यादी वर्गातच लावून ठेवा. नाहीतर दर वेळी तीच धीट मुलं पुढे येतात.

शास्त्रपाठाला सगळ्यात जास्त सराव लागतो, आणि नेमका तोच टाळला जातो. येशूनं सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या (लूक १०:२५-३७). तेरा वचनांत निवेदक, शास्त्री आणि येशू असे तीन आवाज सहज वाटता येतात. मजकूर मोठ्या अक्षरात छापा आणि श्वास जिथे घ्यायचा तिथेच ओळ तोडा. आदल्या दिवशी सभागृहात उभं करून दोनदा वाचून घ्या. वर्गात बसून केलेला सराव इथे उपयोगी पडत नाही. माइक ओठांपासून चार बोटं लांब हवा. घाबरलेलं मूल माइकची जाळी मुठीत धरतं आणि मग शिट्टी वाजते, म्हणून दांड्यालाच धरायला शिकवा. स्पीकर वाचणाऱ्याच्या पाठीमागे असला तरी तेच होतं. वाचून झालं की कागद खाली न घेता मनात तीन अंक मोजायचे. तेवढ्या शांततेत वचन ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं.

गीतांची निवड सत्राच्या सुरुवातीलाच करा; सहा गीतं पुरतात. प्रत्येक गीत सलग तीन आठवडे घेतलं की पाचवीतलं मूलही पुस्तकाशिवाय गातं. दर आठवड्याला नवं गीत ठेवलं, तर गायकगट गातो आणि शाळा ऐकते. पट्टी मुलांच्या गळ्याला जुळणारी हवी: सगळे स्वर हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून तार सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत बसावेत. मोठ्या माणसाच्या सोयीनं खाली उतरवलेल्या गीतात लहान आवाज विरून जातात.

आता मध्यस्थीची प्रार्थना. इथेच एकोपा घडतो, आणि इथेच तो सगळ्यात वाईट पद्धतीनं मोडतोही. प्रार्थनेच्या विनंत्यांच्या चिठ्ठ्यांसाठी कुलूप असलेली एक पेटी ठेवा. चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती नको. पेटी रोज उघडायची, आठवड्यातून एकदा नाही, आणि दोन मोठ्या माणसांनी मिळून: चॅपलेन (शाळेचे धर्मगुरू) किंवा पाळक आणि समुपदेशक. कधी एखाद्या चिठ्ठीत मारहाण, लैंगिक छळ किंवा जगणं नकोसं झाल्याचं लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी प्रार्थनेसाठी थांबवून ठेवायची नसते. त्याच दिवशी ती बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या हातात गेली पाहिजे. मुलांनाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. “आम्ही कुणालाच सांगणार नाही” असं वचन कधीही देऊ नका.

मोठ्यानं वाचायचं ते परवानगी घेऊनच, आणि ओळख पटणार नाही अशा शब्दांत. “आपल्या सातवीतल्या एका मित्राच्या घरी खूप भांडणं चालली आहेत” असं कुणी प्रार्थनेत म्हटलं, की मिटलेले डोळे उघडतात आणि अख्खा वर्ग एकाच बाकाकडे वळून बघतो. त्या मुलाची चिठ्ठी पुन्हा येत नाही. “ज्यांच्या घरात आज शांतता नाही त्यांच्यासाठी” एवढं पुरे.

एक वही ठेवा: तारीख, विषय, आणि दोन आठवड्यांनी विचारपूस कोणी करायची त्याचं नाव. आजी बरी आहे का हे विचारायला कुणी आलंच नाही, तर प्रार्थना हा नुसता कार्यक्रम होता असं मूल समजतं, आणि त्याचं चुकत नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो माणूस गेला, तर “विश्वास कमी पडला” किंवा “देवाला तो जास्त हवा होता” असं कुणीही बोलू नये. अशा आठवड्यात विलापाची स्तोत्रं वाचा. स्तोत्र १३ “किती काळ?” या प्रश्नानं सुरू होतं, स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. असं रडणंही पवित्र शास्त्रात आहे, हे मुलांना ऐकू द्या.

प्रभूची प्रार्थना कुठे संपवायची ते आधी ठरवा. कॅथलिक घरातली मुलं “वाइटापासून सोडव” इथे थांबतात, प्रॉटेस्टंट घरातली “राज्य, सामर्थ्य आणि गौरव” पुढे म्हणतात, आणि अर्धी शाळा गोंधळून एकमेकांकडे बघते. कोणताही शेवट निवडा, पण सुरुवात करण्याआधी सांगा. इतर धर्मांच्या मुलांनी आदरानं बसावं एवढीच अपेक्षा ठेवा. शब्द उच्चारायची सक्ती नको. कोणाचा विश्वास आहे म्हणून हात वर करायला लावू नका, पुढेही बोलावू नका. शिक्षकासमोर मूल “नाही” म्हणू शकत नाही, आणि तसा वर आलेला हात विश्वासाचा नसतो. पालकांना उपासनेचं स्वरूप प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या.

उपासनेत गणवेशाची तपासणी, फीची आठवण, कुणाची खरडपट्टी, यांतलं काहीही नको. शिक्षकांनी मागे उभं राहून वह्या तपासू नयेत. मुलांमध्ये बसावं, गावं. सफाई कामगार, शिपाई, बसचालक यांनाही पाळीपाळीनं त्या अर्ध्या तासापुरतं मोकळं करा आणि रांगेत जागा द्या.

बसण्याची व्यवस्था वर्गवार नको, गटवार हवी. प्रत्येक इयत्तेतलं एक-एक मूल घेऊन १० ते १२ जणांचा गट करा, सोबत एक मोठं माणूस. गट शाळा सोडेपर्यंत तोच. उपासनेनंतर दहा मिनिटं त्याच उताऱ्यावर तीन प्रश्न: काय घडलं, कोणाची बाजू कळली, या आठवड्यात कोणासाठी काय करायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाव घेऊन आणि दिवस ठरवून द्यायचं. “सगळ्यांना मदत करू” हे उत्तर मोठ्या मुलांनी स्वीकारू नये.

भांडण झालं तर मत्तय १८:१५-१७ मधला क्रम चांगला आहे: आधी दोघांनीच बोलायचं, मग एक-दोघांना सोबत घेऊन, मग मंडळीसमोर. हा क्रम बरोबरीच्या दोघांसाठी आहे. दादागिरी सोसणाऱ्या मुलाला त्रास देणाऱ्याकडे एकट्यानं पाठवणं हा वचनाचा गैरवापर आहे. तिथे आधी मोठ्यांनी त्रास थांबवायचा. क्षमा हुकमानं मिळत नाही, त्यामुळे हातात हात द्यायला लावू नका. भरपाई मात्र मागता येते. जकातदार जक्कयानं फसवून घेतलेल्याच्या चौपट परत देण्याचं कबूल केलं होतं (लूक १९:८). फाडलेली वही पुन्हा लिहून देणं ही मुलांना कळणारी भरपाई आहे.

सत्र संपताना प्रत्येक मुलाकडून निनावी उत्तरं घ्या: गटातल्या किती जणांची नावं येतात, या सत्रात कोणी तुझी विचारपूस केली का, उपासनेत कशाची भीती वाटते का. दुसऱ्या प्रश्नाला “नाही” जास्त आले, तर गीतं किंवा संदेश बदलण्याआधी पाठपुराव्याची वही उघडून रिकाम्या राहिलेल्या नोंदी शोधा.