घराच्या रक्षणासाठी काडतुसे घेताना या चुका टाळा

बंदुकीच्या दुकानाच्या काउंटरमागे बसून मला 27 वर्षे झाली. नवा परवाना हातात पडलेला माणूस दुकानात शिरला की बहुतेक वेळा त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, सगळ्यांत जोरदार काडतूस कोणते? मी त्याला आधी परवाना मागतो आणि तो पुढून-मागून पूर्ण वाचल्याशिवाय कपाटाला हात लावत नाही. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो, परंतु 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 3 अग्निशस्त्र आणि दारूगोळा या दोहोंना एकाच वाक्यात परवान्याखाली आणते. म्हणजे बंदूक कायदेशीर असली म्हणून तिच्यात बसणारे प्रत्येक काडतूस आपोआप कायदेशीर ठरत नाही. त्याचा बोअर, म्हणजे नळीच्या पोकळीचे माप, आणि त्याची संख्या, दोन्ही परवान्यात बसावी लागतात.

सर्वांत जास्त घात होतो तो संख्येच्या बाबतीत. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेले असते. माझे एक जुने गिऱ्हाईक उसाच्या मळ्यात वस्ती करून राहते. त्यांच्या परवान्यावर एका वेळी 25 काडतुसे होती आणि घरात 22 शिल्लक होती. परिसरात चोऱ्या वाढल्या, तेव्हा शेजारच्या गावातील मेहुण्याने स्वतःच्या कोट्यातील 10 काडतुसे त्यांना आणून दिली. त्याच महिन्यात मध्यरात्री तिघे जण मागचे दार फोडून आत आले, एकाने कोयता उगारला, आणि यांनी दुनाळीतून एक बार काढला. एकाच्या मांडीत छर्रे गेले आणि बाकीचे पळाले.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी मी तेथे होतो. पलंगावर चादर अंथरून काडतुसे पितळी बूड वर करून ओळीने उभी केली होती. बुडावर 12 आणि केएफ अशी अक्षरे होती. केएफ म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का. हवालदार मोजत गेले आणि 25 च्या पुढे जाऊन 31 वर थांबले. माझ्या नोंदवहीत आणि त्यांच्या परवान्याच्या मागच्या पानावर खरेदीच्या सर्व नोंदी होत्या, त्यामुळे मेहुण्याने दिलेल्या काडतुसांचा कोठेच मेळ बसेना. ‘पाहुण्यापाहुण्यांत कसला हिशोब ठेवायचा, साहेब?’ असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुढे तपासात गोळीबार आत्मसंरक्षणासाठी झाल्याचे मान्य झाले आणि त्याबद्दल त्यांच्यावर आरोपपत्र झाले नाही. परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल कलम 30 खालचा खटला मात्र चार वर्षे चालला, तेवढा काळ परवाना निलंबित राहिला आणि मेहुण्यालाही नोटीस आली. ज्या घराला खरोखर धोका होता, ते घर चार वर्षे बंदुकीविना राहिले, हे आजही माझ्या मनाला लागते.

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायला सांगतो. त्यावर खरेदीची तारीख, वापरलेली काडतुसे आणि शिल्लक एवढेच लिहायचे. माझ्या घरीही तसाच कागद आहे.

दुसरी चूक माहितीजालावरील चित्रफितींतून येते. अमेरिकेतील माणूस होलो पॉइंटची, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळीची, शिफारस करतो आणि आपल्याकडचा तरुण तीच मागणी घेऊन येतो. त्या सल्ल्याला तेथील राज्यांच्या कायद्यांची पार्श्वभूमी असते. न्यू जर्सीसारख्या राज्यात तर त्याच गोळीवर निर्बंध आहेत. आपल्याकडे 9 मिमी आणि .303 हे निषिद्ध बोअर आहेत, आणि सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने 12 बोअर किंवा .32 येते. याहून घातक प्रकार म्हणजे काडतूस घरी उघडून ‘सुधारणे’. कलम 5 प्रमाणे दारूगोळ्याच्या निर्मितीला वेगळा परवाना लागतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान 7 वर्षे ते जन्मठेप इतकी शिक्षा आहे. असा विषय निघाला की मी विक्रीच थांबवतो.

जोरदार काडतुसाच्या हट्टाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. कलम 41 नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी करणाऱ्याविरुद्ध हा हक्क त्याचा मृत्यू घडवण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि अनेक जण एवढेच वाचून थांबतात. कलम 37 मात्र सांगते की संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही. हा हक्क बजावला हे दाखवण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 108 ने आरोपीवर टाकला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या दर्शन सिंग प्रकरणात संकटातील माणसाची कृती सोन्याच्या तराजूत तोलू नये असे म्हटले, हा मोठा आधार आहे. तरीही मोठ्या छर्ऱ्याचे एलजी काडतूस पातळ भिंतीतून शेजाऱ्याच्या खोलीत गेले, तर तेथे झोपलेल्या मुलाविरुद्ध तुम्हाला कसलाही हक्क नव्हता. म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो, घर मळ्यात आहे की चाळीत, भिंती विटांच्या की पत्र्याच्या, मुले कोठे झोपतात? ज्याला ही उत्तरे देण्याइतकाही धीर नाही, त्याने घरात बंदूक ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवासाची बॅग भरण्यापूर्वी तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. विसरलेल्या एका काडतुसामुळे विमानतळावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि ताबा जाणीवपूर्वक नव्हता हे न्यायालयाला पटेपर्यंत बराच काळ जातो.

बार झाल्यावर रिकामी पुंगळी उचलू नका, फरशी पुसू नका आणि लगेच 112 ला फोन करा.

शेवटी वारसांविषयी. वडील गेल्यावर मुलगा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो आणि माळ्यावरच्या ट्रंकेतील काडतुसांचा खोका तसाच राहतो. त्याच्या नावावर परवाना नसल्यामुळे तो ताबा शस्त्र अधिनियमाच्या कलम 25 खाली येतो, आणि तेथे किमान शिक्षा 2 वर्षांची आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे काडतुसेही जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतात. पावतीवर बंदुकीच्या क्रमांकाखाली काडतुसांची संख्या लिहून घ्या आणि ती वाचल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.