कोकम आणि नारळ: कोकणी स्वयंपाकातला क्रम

कोकणी स्वयंपाक शिकू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा मसाल्यांची यादी दिली जाते आणि तेथेच त्याची दिशाभूल होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील रोजच्या जेवणात मसाले मोजकेच असतात. पदार्थ जमतो किंवा बिघडतो तो आंबट आणि नारळ यांच्या क्रमावर. कोकम भांड्यात कधी पडते, नारळाचे दूध आचेवर किती वेळ राहते आणि वाटप, म्हणजे वाटलेले खोबरे-मसाला, कच्चे आहे की भाजलेले, एवढे सांभाळले तर साधी कुळथाची पिठीही जेवणाची रंगत वाढवते. म्हणून येथे कृती थोड्याच दिल्या आहेत, पण प्रत्येक पायरीमागचे कारण सांगितले आहे.

प्रथम कोकमाविषयी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी वाळवणीचे काम उरकावे लागते. पिकून लाल झालेले फळ पुसून त्याचे दोन भाग करतात, बिया गरासकट काढून त्यांवर मीठ घालतात आणि सुटलेल्या रसात साली बुडवून उन्हात वाळत घालतात. वाळलेल्या साली पुन्हा रसात बुडवायच्या आणि पुन्हा उन्हात पसरायच्या, अशी पुटे रस असेपर्यंत देत राहावी लागतात. हाच खटाटोप आमसुलाला, म्हणजे या वाळलेल्या सालीला, खोल जांभळट-काळा रंग आणि ओलसर लवचीकपणा देतो. एकदाच वाळवून विकलेली साल फिकट व चिवट असते, आणि कितीही घातली तरी कालवणाला नुसते आंबट पाणी सुटल्यासारखे वाटते. विकत घेताना आमसूल बोटांत दाबून पाहावे. ते मऊ लागले पाहिजे आणि त्यावर मिठाचे पांढरे खडे दिसता कामा नयेत, कारण ते मीठ आपण कोकमाच्या भावाने विकत घेतो.

आगळ म्हणजे साली आणि मीठ बरणीत थरांनी भरून ठेवल्यावर सुटलेला, गाळून घेतलेला रस. त्यात साखर नसते. बाजारात आगळ आणि कोकम सरबत यांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि रंग सारखाच दिसतो, तेव्हा बाटलीवरील घटक वाचूनच घ्यावे; सरबताच्या गोड अर्काने सोलकढी करता येत नाही. आगळात मीठ भरपूर असल्यामुळे ते वापरलेल्या पदार्थात वेगळे मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे. कोकमाचे आम्ल धातूवर चढते, म्हणून ते भिजवण्यासाठी काचेचे किंवा चिनी मातीचे आणि शिजवण्यासाठी मातीचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे. ॲल्युमिनियमचे भांडे आणि कल्हई नसलेले पितळ पूर्ण टाळावे.

नारळ निवडताना तो कानाजवळ हलवून पाण्याचा आवाज ऐकावा आणि डोळे कोरडे, बुरशीविरहित आहेत ना ते पाहावे. भकल, म्हणजे फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग, खोवताना करवंटीपर्यंत जाऊ नये. तळाशी असलेली तपकिरी साल खोबऱ्यात आली की दूध मळकट होते आणि सोलकढीचा गुलाबी रंग राखट दिसू लागतो. खोवणी हाताशी असेल तर तीच वापरावी, कारण तुकडे मिक्सरमध्ये फिरवण्यापेक्षा बारीक खोवलेल्या खोबऱ्यातून दूध अधिक निघते. दूध काढताना एका नारळाच्या खोबऱ्यात वाटीभर कोमट पाणी घालून ते वाटावे आणि स्वच्छ पंचातून घट्ट पिळावे. हे पहिले, जाड दूध. उरलेल्या चोथ्यात पुन्हा वाटीभर कोमट पाणी घालून पिळले की पातळ, दुसरे दूध मिळते. दोन्ही एकत्र न करता वेगळी ठेवावीत. उकळते पाणी वापरू नये आणि मिक्सर सलग फिरवत राहू नये, कारण खोबरे तापले की त्यातील तेल सुटते आणि दूध फुटीर होते.

चौघांच्या सोलकढीसाठी आठ-दहा आमसुले अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हाताने चांगली कुस्करावीत आणि पाणी गाळून घ्यावे. एका नारळाचे खोबरे दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि पाव चमचा जिरे यांच्यासह वाटून वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही दुधे काढावीत. आता दुसऱ्या दुधात कोकमाचे पाणी थोडे थोडे घालून ढवळावे, मग पहिले दूध मिसळावे, मीठ घालावे आणि वरून कोथिंबीर चिरून पेरावी. रंग फिकट गुलाबी आला की थांबावे. लाल होईपर्यंत कोकम ओतत गेल्यास नारळाचा गोडवा हरवतो. काही घरांत लसूण न घालता नुसते जिरे घालतात आणि तीही चव छान लागते. सोलकढी आचेवर ठेवू नये. नारळाच्या दुधातील तेलाचे सूक्ष्म थेंब प्रथिनांमुळे पाण्यात धरून राहतात. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की ही प्रथिने आकसतात आणि दूध फाटते. न तापवता नुसती ठेवली तरी थोड्या वेळाने दाट भाग वर आणि पाणी खाली बसते, म्हणून वाढण्यापूर्वी एकदा ढवळावी आणि केली त्याच दिवशी संपवावी.

कालवणात मात्र दुधाऐवजी वाटप असते, आणि ते उकळले तरी बिघडत नाही, कारण खोबऱ्याचा सगळा गर त्यात असतो. चार मध्यम बांगड्यांसाठी एक मोठी वाटी ओले खोबरे, भिजवलेल्या आठ-दहा बेडगी मिरच्या, एक चमचा धणे आणि अर्धा चमचा हळद एकत्र वाटावी. वाटप दोन बोटांत चोळून पाहावे, कण लागला तर आणखी वाटावे. खरखरीत वाटपाने रस दाट होत नाही, खोबरे तळाशी बसते आणि वर नुसते पाणी राहते. बांगड्यासाठी हे खोबरे कच्चेच घ्यावे. भाजलेल्या वाटपाचा खमंगपणा कडधान्यांना आणि मटणाला शोभतो, पण माशाची ताजी चव तो झाकतो.

वाटपात पाणी घालून मातीच्या भांड्यात मंद आचेवर ठेवावे आणि उकळी आली की स्वच्छ केलेल्या बांगड्यांचे तुकडे सोडावेत. त्याच वेळी पाच-सहा आमसुले आणि आठ-दहा तिरफळे (उग्र सुगंधाची मसाल्याची फळे) घालावीत. तिरफळाच्या आतील काळ्या बिया काढून टाकाव्यात, साल किंचित ठेचून चमचाभर पाण्यात भिजवावी आणि त्या पाण्यासह कालवणात टाकावी. ती वाटपाबरोबर वाटून घातल्यास तिचा उग्र सुगंध सगळ्या रसावर चढतो. सात-आठ मिनिटांत बांगडा शिजतो. या वेळात डाव घालून ढवळू नये, भांडे दोन्ही बाजूंनी धरून हलवावे, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. आच बंद केल्यावर चमचाभर कच्चे खोबरेल वरून सोडून झाकण ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी भातासोबत वाढावे.

कडधान्यात कोकम शेवटी घालणे हा नियम मी अटळ मानते. काळे वाटाणे रात्रभर भिजवून पूर्ण मऊ शिजल्याखेरीज त्यांत आंबट पडता कामा नये, कारण आम्लामुळे दाण्याच्या पेशींना बांधणारे पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा तासन् तास शिजवूनही कडक राहतो. म्हणून आधी वाटाणे शिजवावेत, मग कांदा आणि सुके खोबरे तपकिरी होईपर्यंत भाजून केलेले वाटप व मालवणी मसाला घालून एक उकळी आणावी आणि आच मंद केल्यावरच चार-पाच आमसुले टाकावीत. आंबोळीसोबत हे सांबारे फार चांगले लागते.

कुळथाच्या पिठीला तर खोबरे फक्त वरून पेरायलाच लागते. तेलात ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची परतून पाणी घालावे, त्यात तीन आमसुले टाकावीत आणि उकळी येताच पाण्यात गुठळ्या न राहता कालवलेले कुळथाचे पीठ सतत ढवळत ओतावे. येथे आमसूल आधी घालतात, कारण शिजवायचा दाणा नसतो, नुसते पीठ असते. चिंच वापरायचा मोह टाळावा. तिचा कोळ रसाला दाटपणा आणि तपकिरी रंग देतो, तर कोकम रस पातळ ठेवून नुसती आंबट चव देते.

दुसऱ्या दिवसासाठी कालवण ठेवायचे असेल तर आमसुले काढून घ्यावीत, नाहीतर ती रात्रभर आंबटपणा सोडत राहतात आणि सकाळी कालवण तोंडात धरवत नाही. खोबऱ्याचे वाटप फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, त्यापुढे त्याला वास येऊ लागतो. पिळून उरलेला चोथा टाकू नये. मंद आचेवर कोरडा भाजून लाल तिखट, लसूण आणि मीठ यांच्यासह कुटला की त्याची चटणी होते, आणि तिच्यात एखादे आमसूल बारीक चिरून घातले तर पेजेसोबत ती फार रुचकर लागते.