१५,००० रुपयांत पाचजणांचं इमॅजिका

मी डोंबिवलीतल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे, त्यामुळे आमच्या घरात सहलीचं ठरलं की "किती लागतील?" हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्याला माझं उत्तर ठरलेलं असतं : "किती आहेत ते आधी सांगा." थीम पार्कच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. किती लागतील असं विचारत बसलं तर त्याला वरची मर्यादाच नाही. पन्नास हजारही लागतील आणि आनंदाने घेतले जातील.

आमची रक्कम होती १५,०००. वर्षभर दर महिन्याला साडेबाराशेची आवर्त ठेव, बस्स. माणसं पाच : आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलांची पहिलीच खेप. आमच्या पिढीची थीम पार्कची सहल म्हणजे बोटीतून खाडी ओलांडून गोराईचं एस्सेल वर्ल्ड. ते आता बंद झालं. म्हणून खोपोलीचं इमॅजिका, जे २०१३ साली सुरू झालं. नाशिक-नगरकडच्यांना शिर्डीतलं साईतीर्थ आणि तिथलं वॉटर पार्क सोयीचं, लातूर-नांदेडकडच्यांना हैदराबादचं रामोजी. पार्क कुठलंही असो, हिशेबाची रीत तीच.

मी वहीत पाच ओळी लिहिल्या. तिकिटं ७,५००. प्रवास १,५००. एका रात्रीची खोली २,०००. खाणंपिणं २,५००. हातखर्च आणि अडीनडीला १,५००. तिकिटाची ओळ सगळ्यात मोठी, आणि सगळे तिथेच काटकसर करायला बघतात. मला विचाराल तर ती ओळ सगळ्यात कमी धोक्याची. तिकिटाचा आकडा निघण्याआधी कळलेला असतो. गळती लागते ती बाकीच्या चार ओळींना : भूक लागली म्हणून, कपडे भिजले म्हणून, गाडी चुकली म्हणून, पोरगं रडलं म्हणून. पुढे जे सांगतेय ते बहुतेक या चार ओळींबद्दल आहे.

तरी तिकिटाचं आधी उरकते. दर दिवसागणिक बदलतात, त्यामुळे पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दोन-तीन तारखा टाकून बघा. जीएसटी धरून आहे की वेगळा, हे पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन पाहा. पहिल्या पानावरच्या आकड्यावर जाऊ नका. ज्येष्ठ नागरिकांना आणि कॉलेजच्या मुलांना सवलत असते, पण ओळखपत्र मूळ लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी कूपनं घेऊ नका. रांग टाळणारं महागडं एक्स्प्रेस तिकीट आठवड्याच्या मधल्या वारी घेणं म्हणजे पैसे उधळणं. वॉटर पार्क आणि स्नो पार्कची तिकिटं वेगळी असतात. "एवढं जातोच आहोत तर तेही करू," असं हे म्हणाले, तेव्हा मी वही पुढे सरकवली. लहान मुलं बरोबर असताना एका दिवसात एकच पार्क नीट होतं. दुसऱ्याचे पैसे दिले जातात आणि पाण्यात जेमतेम अर्धा तास मिळतो. शिवाय वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो, तो नसेल तर भाड्याने घ्या. म्हणजे वहीत आणखी एक ओळ.

वार कोणता निवडायचा यावर मी बराच विचार केला. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी हे दिवस सोडा : दर चढे आणि रांगा लांब. पावसाळ्यात गर्दी कमी असते, पण खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे आणि तिथला पाऊस म्हणजे पाऊस. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राईड थांबवतात. मग उरतो थंडीचा हंगाम आणि मंगळवार-बुधवार. पण डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारीच शाळांच्या सहली येतात. पंचवीस बसगाड्या उभ्या असल्या तर तुमच्या बुधवारचा रविवार होतो. म्हणून तारीख पक्की करण्याआधी पार्कला फोन करून सरळ विचारा, "त्या दिवशी शाळा आहेत का?" माझी पसंती दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यानंतरच्या आठवड्याला. मुलांची दोन दिवस दांडी पडते. पहिली-सहावीच्या दोन दिवसांनी कुणाचं काही अडत नाही, वर्गशिक्षिकांना मात्र खरं कारण सांगा.

आता उंचीचं. बहुतेक राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी एका बोटाचीही सूट देत नाही, देऊही नये. मुलांचं तिकीटही पुष्कळ पार्कमध्ये वयावर नाही, उंचीवर ठरतं. तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी मुलांना अनवाणी भिंतीला उभं करा, पेन्सिलीने खूण करा, टेपने मोजा. मग संकेतस्थळावर एकेका राईडची अट बघून मुलांकडूनच यादी लिहून घ्या. आमच्या मुलीने दोन रकाने केले, "जमेल" आणि "अजून नाही". मुलाचा दुसरा रकाना लांबलचक झाला. तो घरी रुसला, एक संध्याकाळ रडला, आणि विषय संपला. हेच रडणं तिथे रांगेत तासभर उभं राहिल्यावर झालं असतं, तर आईस्क्रीम, फुगा आणि तलवार यांवर मिटलं असतं.

सासूबाईंना न्यायचं की नाही? त्यांना तिकीट लागणारच, सवलतीचं असलं तरी. "तुम्हाला यायचंय का? चालणं खूप आहे," असं मी त्यांना स्पष्ट विचारलं. घरातल्यांनी परस्पर ठरवू नये, दोन्हीकडून मन दुखतं. त्या म्हणाल्या, "बसायला सावली असेल तर येते." सावली आहे, वातानुकूलित खेळही आहेत. बीपी, मणक्याचं दुखणं, गरोदरपण असेल तर मोठ्या राईड वर्ज्य, पण चित्रपटगृहासारखे बसून बघायचे खेळ, गोल फिरणारे घोडे, अलिबाबावाली राईड, यांत त्यांचा दिवस छान गेला. साडी मात्र नको. पदर आणि निऱ्या राईडमध्ये अडकतात. पंजाबी ड्रेस, मागे पट्टा असलेल्या चपला, मंगळसूत्र घरी किंवा आत खोचलेलं. चष्म्याला दोरी.

प्रवासाचं गणित मला सगळ्यात आवडतं. गाडी करून गेलो असतो तर जाण्यायेण्याचं भाडं, टोल आणि चालकाचा दिवसभराचा भत्ता मिळून प्रवासाची ओळ तिप्पट झाली असती. मध्य रेल्वेची लोकल थेट खोपोलीला जाते, किंवा कर्जतला बदलायची. डोंबिवलीहून साधारण दीड तास. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यावरच्यांना बारापर्यंत अर्धं. कर्जत-खोपोली मार्गावर मात्र गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर तासभर सहज जातो, म्हणून जातानाची आणि येतानाची, दोन्ही वेळा कागदावर लिहून घ्या. पुणेकरांनी कर्जतला थांबणारी रेल्वे किंवा खोपोलीत थांबणारी एसटी बघावी.

खोपोलीहून पार्क पाली रस्त्यावर, सांगडेवाडीला आहे. एसटी मिळाली तर सोनं : मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, मुलांना अर्धं, पासष्टच्या पुढच्यांना अर्धं, पंचाहत्तरच्या पुढे फुकट. आमच्या पाचजणांत पूर्ण तिकीट काढणारे फक्त हे. त्यांनी ते वाहकाला दोनदा सांगितलं. एसटीची वेळ जुळत नसेल तर रिक्षा, आणि सकाळी ज्या रिक्षाने जाल त्याच्याशीच संध्याकाळचा भाव ठरवून नंबर घ्या. पार्क सुटतं तेव्हा सगळे एकदम बाहेर पडतात. त्या वेळी भाव करायला जाल तर समोरचा तुमच्या झोपाळलेल्या पोराकडे बघून आकडा सांगेल.

एक रात्र मुक्काम कशासाठी? कारण पहाटे उठवलेली मुलं दुपारी दोनला गळतात आणि अर्ध्या तिकिटाचे पैसे बाकावर झोपून काढतात. आदल्या दिवशी दुपारी निघा. खोपोलीत साधा लॉज घ्या, पार्कलगतच्या हॉटेलच्या वाटेला जाऊ नका. हाताशी संध्याकाळ उरते, तर जवळच महडचा वरदविनायक आहे. १८९२ पासून तिथला नंदादीप अखंड तेवतोय असं सांगतात. सासूबाईंची सहल खरं म्हणजे तिथेच वसूल झाली. दोन रात्री काढणार असाल तर पालीचा बल्लाळेश्वरही होतो आणि तिथल्या भक्तनिवासात राहणं स्वस्त पडतं. फक्त संकष्टी आणि अंगारकी टाळा, नाहीतर पार्कच्या रांगेची रंगीत तालीम देवळातच होईल.

पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं चालतं. यावर चडफडण्यापेक्षा पोट भरून आत शिरा. लॉजवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि केळी असा दणदणीत नाश्ता करा, चहा बाहेर प्या. चिवडा-लाडू बाहेर पडल्यावर गाडीत खायला ठेवा. आत एकच जेवण विकत घ्यायचं, आणि ते पावणेबाराला किंवा अडीचनंतर. एक ते दोन सगळी दुनिया जेवायच्या रांगेत असते, तेव्हा राईड मोकळ्या मिळतात. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या न्या, आत भरा. एकदा बाहेर पडलात की बहुतेक पार्कमध्ये पुन्हा आत घेत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आत शिरताना दोन गोष्टी विचारा : आज कोणत्या राईड बंद आहेत आणि शोच्या वेळा काय. मग फाटकापाशी फोटो काढत उभे राहू नका. सगळ्यात मोठी राईड आधी गाठा, कारण तिची रांग दिवसभर वाढतच जाते. इमॅजिकात ती म्हणजे नायट्रो : उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटं, आणि पायाखाली फळीसुद्धा नाही. हे एकदा जाऊन आले आणि नंतर बराच वेळ "छान आहे" एवढंच म्हणत होते. एकाने मोठ्या राईडला जायचं, दुसऱ्याने धाकट्याला घेऊन लहान मुलांच्या भागात, मग अदलाबदल. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र फिरायचं असा हट्ट धरला तर अकरा वर्षांच्या मुलीचा दिवस सहा वर्षांच्या भावाच्या उंचीने जातो.

उन्हाच्या वेळेला वातानुकूलित खेळ. ओल्या राईड तीनच्या सुमारास, म्हणजे सूर्य असतानाच कपडे वाळतात. राजासॉरसच्या बोटीत चांगलंच भिजायला होतं. (हा डायनासोर खोटा नाही. नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याचं बारसं झालं. रांगेत मुलांना सांगायला बरं पडतं.) प्रत्येकाचा एक जादा टी-शर्ट आणि प्लॅस्टिकची पिशवी न्या, नाहीतर आतल्या दुकानातला टी-शर्ट वाट बघतच असतो.

दुकानांसाठी माझा उपाय साधा आहे. दोन्ही मुलांच्या हातात सकाळीच दोनशे-दोनशे दिले. "हे तुमचे. काहीही घ्या, पण संपले की मागायचं नाही." आईच्या पर्समधले पैसे मुलांना पैसे वाटतच नाहीत. स्वतःच्या खिशातले असले की किंमतीची चिठ्ठी उलटून बघतात. राईड संपल्यावर विकतात तो फोटो कुटुंबाचा मिळून एकच घ्यायचा, कोणता ते मुलांनी ठरवायचं.

परतीसाठी शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. पार्क बंद व्हायच्या अर्धा तास आधी लॉकर रिकामा करा, रिक्षावाल्याला फोन लावा. सामान दोन पाठपिशव्यांत बसेल एवढंच असू द्या, कारण कर्जतला फलाट बदलताना एक मूल झोपलेलं असतं आणि ते कुणाच्या तरी खांद्यावर घ्यावं लागतं.