रेल्वेत बाटली उघडण्याआधी
तिकिटावर दारूबद्दल काही छापलेलं नाही, म्हणजे चालतं असं धरून बसू नका. नियम देशागणिक बदलतो, कधी एकाच गाडीत डब्यागणिकही. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या गाडीत स्वतः आणलेली दारू फक्त झोपायच्या खासगी खोलीत चालते. साध्या डब्यात तीच बाटली उघडली की नियमभंग. तिथे प्यायचीच तर गाडीतल्या कॅफेतून घ्यायची. जपानच्या शिन्कानसेन या बुलेट ट्रेनमध्ये शेजाऱ्याने बिअरचा कॅन उघडला तर कोणी मान वळवून बघतही नाही. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, मात्र १ जून २००८ पासून पिणं सोडाच, उघडा कॅन हातात धरणंही बंद.

भारतात रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १४५ लक्षात ठेवा. नशेत सापडलात तर गाडीतून उतरवतात, तिकीट जातं, वर खटला. कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून न्यायची युक्ती टीसीला नवीन नाही. वास झाकण उघडताच चुगली करतो. आणि गाडी गुजरात किंवा बिहारमधून जाणार असेल, तर बॅगेतली सीलबंद बाटलीसुद्धा घरीच ठेवा. तिथे दारूबंदी आहे, आणि ‘मी फक्त इथून पुढे चाललोय’ या सबबीवर विसंबू नका.