पेम, माती, बर्फ खाण्याची सवय कशी सोडवावी

घरात कुणी पाटीवरची पेम (दगडी पेन्सिल) कुरतडतं, मुलतानी माती चाखतं, भिंतीचे पोपडे काढून खातं किंवा दिवसभर बर्फ चावत बसतं? मग आधी रागावणं थांबवा. रागावून सवय सुटत नाही, लपते. पेमेचे तुकडे मसाल्याच्या डब्यामागे आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात जाऊन बसतात.

डॉक्टर याला पायका म्हणतात. दोन वर्षांच्या आतलं बाळ दिसेल ते तोंडात घालतं, ते यात धरत नाहीत. त्यापुढच्या वयात मात्र महिनाभर हा प्रकार चालला तर तपासणी करायलाच हवी.

१. काय खाल्लं जातं, ते नीट विचारा

धोका वस्तूप्रमाणे बदलतो. मातीतून जंत होतात. केस गिळले तर पोटात त्यांचा गोळा होतो आणि कधी कधी तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. भिंतीच्या पोपड्यांत शिसं असू शकतं, ते मुलांच्या मेंदूला घातक. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. आपल्या इंदूरच्या जुन्या वाड्यांतले रंगाचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. मूल पोपडे खात असेल तर रक्तातलं शिसंही तपासायला सांगा.

आणि पेम? मंदसौरच्या पेन्सिल कारखान्यांत ती कापताना उडणाऱ्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला. तो श्वासातून, खाऊन नव्हे. पण दगड तो दगडच, दात झिजवतो. ‘खाण्याची पेम’ म्हणून पाकिटातून विकली जाते, तिच्यावरही विश्वास ठेवू नका.

२. रक्त तपासा

ही पायरी बहुतेक घरांत वगळली जाते, आणि खरी मेख इथेच असते. अशी तलफ येणाऱ्या अनेकांच्या, विशेषतः बायकांच्या, शरीरात लोह कमी असतं. बर्फाची तलफ तर त्याची ठळक खूण. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, सीबीसीबरोबर (रक्तपेशींची मोजणी) फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करा. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसतं. वर काही प्रकारची माती अन्नातलं लोह बांधून ठेवते, म्हणजे कमतरता आणखी वाढते.

लोहाची गोळी मनाने सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि तिथे कारण वेगळं असतं. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही डॉक्टर बहुधा काही महिने गोळी चालू ठेवतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

३. चहा बाजूला सारा

सकाळी पोहे आणि लगेच कडक चहा, हा आपला इंदुरी नेम लोहाच्या मुळावर येतो. पोह्यांवर लिंबू भरपूर पिळा, चहा तासाभराने घ्या. गोळीही चहा-दुधाबरोबर नको. जेवणात माठ, मटकी, चणे, राजगिरा असू द्या. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीसाठीच, असं कुणी ठरवलं?

जंतांसाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळतं. मुलांची ती गोळी चुकवू नका.

४. तलफ येईल तेव्हा हाताशी काहीतरी ठेवा

भाजलेले फुटाणे किंवा बडीशेप. चावताना कुरकुर आवाज यायला हवा, कारण तलफेला अर्धं तेच हवं असतं. दुपारी कामं उरकल्यावर, अभ्यासाला बसल्यावर, अशा ठरल्या वेळा शोधा आणि डबी तिथेच ठेवा.

५. गरोदरपणात सूट देऊ नका

‘डोहाळे आहेत, खाऊ दे तिला’ म्हणणाऱ्या आजी-मावश्या प्रेमानेच बोलतात. बाळकृष्णाची माती खाण्याची गोष्टही आपण कौतुकाने सांगतो. पण तिचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया आहे. सुनेला दवाखान्यात न्या आणि मातीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ती स्वतः लाजून सांगणार नाही.

६. लोह ठीक असूनही सुटत नसेल तर

मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ताण, मंत्रचळ (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा), मुलांमध्ये ऑटिझम किंवा बौद्धिक विकासातला अडथळा, अशी कारणं असू शकतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पोट फुगलं, सारख्या उलट्या झाल्या, शौचातून रक्त गेलं तर त्याच दिवशी इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. बटण सेल किंवा लोहचुंबक गिळलं असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.