चाचणीसाठी माणसं वेगळी काढा, खिडक्या नव्हे

कमरेला बांधलेल्या, हालचालीचा वेग-बदल मोजणाऱ्या सेन्सरवरून (अ‍ॅक्सेलरोमीटर) चालणं, जिना चढणं, बसणं ओळखणारं मॉडेल चाचणीत उत्तम ठरतं आणि नव्या माणसावर आपटतं. अशा वेळी आधी डेटाची वाटणी तपासा. ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० नोंदींचा सिग्नल २.५६ सेकंदांच्या, म्हणजे १२८ नोंदींच्या तुकड्यांत (‘खिडक्यांत’) निम्म्या ओव्हरलॅपने कापला, की लागोपाठच्या दोन खिडक्यांत ६४ नोंदी त्याच असतात. या खिडक्या पत्त्यांसारख्या पिसून प्रशिक्षण आणि चाचणीत वाटल्या, तर बरीचशी प्रश्नपत्रिका मॉडेलने आधीच पाहिलेली असते. शिवाय त्या माणसाच्या चालण्याची ढबही. म्हणून आधी माणसं वेगळी करा, मगच खिडक्या कापा. यूसीआयच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन) संग्रहातल्या, हालचाली ओळखण्याच्या प्रसिद्ध डेटासंचात ३० पैकी २१ जण प्रशिक्षणाला आणि ९ चाचणीला आहेत, म्हणजे वाटणी माणसांनुसारच आहे. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत ग्रुप-के-फोल्ड (एका गटाचा सगळा डेटा एकाच बाजूला ठेवणारी वाटणी) वापरा आणि ग्रुप म्हणून व्यक्तीचा क्रमांक द्या. सिग्नल एका मापात आणण्यासाठी लागणारी सरासरी आणि प्रमाण विचलनसुद्धा फक्त प्रशिक्षणातल्या माणसांवरून काढा; हे हमखास विसरलं जातं.

अचूकता बहुधा घसरेल, पण विश्वास त्याच आकड्यावर ठेवा. बसणं आणि उभं राहणं यांतली गल्लत मात्र उरेल, कारण दोन्हींत धड जवळपास सरळच असतं. मांडीवर दुसरा सेन्सर बांधा: बसल्यावर मांडी आडवी होते आणि गुरुत्वाकर्षण दुसऱ्या अक्षावर दिसतं.